दुखत नाही, मग मानेचे ऑपरेशन कशाला?

पत्र: माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. हुपरीत चांदीचे पैंजण घडवण्यात त्यांचे आयुष्य गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांची बोटे बधिर होऊ लागली. मधुमेह असल्यामुळे ‘शुगरचा परिणाम’ म्हणून गोळ्या झाल्या, नंतर मनगटात नस दबल्याचे सांगून उजव्या मनगटाचे ऑपरेशनही झाले. फरक पडला नाही. आता कड्या जोडताना त्या हातातून निसटतात, सदऱ्याची बटणे आई लावून देते, पायातली चप्पल निघाली तरी कळत नाही आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो. लघवी लागली की थांबवत नाही. एमआरआयमध्ये सी ४-५ आणि सी ५-६ या ठिकाणी मज्जारज्जू दबल्याचे आणि त्यात ‘सिग्नल चेंज’ असल्याचे लिहिले आहे. कोल्हापुरातील एका सर्जननी समोरून ऑपरेशन करू असे सांगितले, तर दुसऱ्यांनी मागून. नातेवाईक म्हणतात, मानेला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो. शेजारचे एक जण तालमीतल्या वस्तादांकडून मान बसवून घ्या म्हणतात. वडिलांचे म्हणणे वेगळेच आहे: “मान दुखत नाही, मग ऑपरेशन कशाला? गणपती होऊ देत, दिवाळीचे काम संपू दे, मग बघू.” आम्ही काय करावे?
— एक मुलगी, हुपरी

उत्तर: पत्रातील वर्णन आणि एमआरआयचा मजकूर एकत्र वाचल्यावर वडिलांना शस्त्रक्रियेची गरज आहे, असेच माझे मत झाले आहे, आणि ती दिवाळीनंतर नव्हे, तर येत्या काही आठवड्यांत व्हावी. मी त्यांना तपासलेले नाही, त्यामुळे अंतिम निर्णय त्यांना प्रत्यक्ष पाहणाऱ्या सर्जननीच घ्यायचा आहे. तरीही वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायला हवे, कारण ते समजल्याशिवाय ते तयार होणार नाहीत, आणि त्यांच्या जागी असलेला कोणताही समंजस माणूस हाच प्रश्न विचारील.

मानेत सात मणके असतात (एमआरआयमधील ‘सी ४-५’ म्हणजे त्यांतील चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली जागा) आणि त्यांच्या मागच्या पोकळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो. मानेच्या भागात ही पोकळी पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असते. १३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती अरुंद समजली जाते. काहींची पोकळी जन्मतःच अरुंद असते. वय वाढते तशी दोन मणक्यांमधली गादी सुकते आणि मागे फुगते, मणक्यांच्या कडांना हाडाचे कंगोरे येतात, मज्जारज्जूच्या पाठीमागचा अस्थिबंध (हाडांना जोडणारा चिवट पट्टा) जाड होऊन आत दुमडतो आणि मधल्या मज्जारज्जूला दोन्हीकडून जागा कमी पडू लागते. मज्जारज्जूपासून या गाद्यांजवळून बाजूला निघणारी नस दबली, तर खांद्यापासून बोटांपर्यंत कळा येतात आणि रुग्ण रात्रीचा झोपत नाही. मज्जारज्जू दबला, तर मात्र दुखेलच असे नाही. दाबामुळे आणि त्या भागाचा रक्तपुरवठा कमी झाल्यामुळे त्यातील तंतू हळूहळू निकामी होत जातात, आणि हे नुकसान वेदनेतून नव्हे तर हातापायांच्या कामातून दिसते. मान न दुखणारे अनेक रुग्ण अशा अवस्थेत असतात, म्हणून ‘दुखत नाही’ ही येथे दिलासा देणारी गोष्ट नाही. पायांकडे आणि मूत्राशयाकडे जाणारे तंतूही मानेतूनच खाली उतरतात; जिना, चप्पल आणि लघवी या तिन्ही तक्रारींचे मूळ एकाच जागी आहे, हे वडिलांना एमआरआयचे चित्र समोर धरून दाखवावे.

घरी एक साधी चाचणी करता येते. वडिलांना हात पुढे धरून मूठ पूर्ण मिटायला आणि पूर्ण उघडायला सांगा आणि दहा सेकंद मोजा. निरोगी माणूस या वेळात साधारण वीस किंवा अधिक वेळा मूठ उघड-मीट करतो. मज्जारज्जू दबलेल्यांची गती बरीच कमी पडते आणि बोटे अर्धवटच उघडतात. मग त्यांना फरशीच्या एका रेषेवर टाचेला चवडा लावून दहा पावले चालायला सांगा, पण शेजारी उभे राहून, पडू नये म्हणून हात तयार ठेवून. दोन्ही तारखेसह वहीत लिहून ठेवा. दर आठवड्याला नोंद केली, तर घसरण होत आहे का, हे ‘मला बरे वाटते’ या उत्तरापेक्षा अधिक खरेपणाने कळते.

आधीच्या मनगटाच्या ऑपरेशनबद्दल मनात कटुता ठेवू नये. हा आजार सुरुवातीला हातातच दिसतो, मधुमेहात आणि मनगटात नस दबल्यावरही बोटे बधिर होतात, आणि कधीकधी दोन आजार एकाच माणसात खरोखरच एकत्र असतात. त्यामुळे मानेतील दाबाचे निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ जातो, असे परदेशातील अभ्यासांतही आढळले आहे. जी गोष्ट अजून राहिली असेल तर करून घ्यावी, ती म्हणजे रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी. त्याच्या कमतरतेनेही चालणे आणि हात असेच बिघडतात, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती कमतरता आढळते. ती निघाली तर भरून काढावी, मात्र एमआरआयमधील दाब त्याने जात नाही.

शस्त्रक्रियेची गरज किती, हे ठरवण्यासाठी जगभर एक १८ गुणांची मोजणी वापरली जाते. हातांना ५, पायांना ७, संवेदनेला ३ आणि लघवीच्या नियंत्रणाला ३ असे गुण असतात. १५ ते १७ म्हणजे सौम्य, १२ ते १४ मध्यम, आणि ११ किंवा त्याहून कमी म्हणजे तीव्र. बटणे आईने लावणे, कठड्याशिवाय जिना न उतरता येणे आणि लघवी न थांबणे या तुमच्या वर्णनावरून वडील अकरा-बाराच्या आसपास, म्हणजे मध्यम आणि तीव्र यांच्या सीमेवर असावेत, असा माझा अंदाज आहे. २०१७ साली मणक्याच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत मध्यम आणि तीव्र अवस्थेत शस्त्रक्रियेचीच शिफारस आहे. सौम्य अवस्थेत मात्र शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखालील व्यायामोपचार, असे दोन्ही पर्याय ठेवले आहेत. वडील दीड वर्षापूर्वी माझ्याकडे आले असते, तर कदाचित मीही थांबून पाहू म्हटले असते. आज नाही. शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांपैकी २० ते ६० टक्के रुग्ण तीन ते सहा वर्षांत खालावतात, असे उपलब्ध अभ्यास सांगतात; आकड्यांमधली ही रुंद फट पाहून कोणी म्हणेल की मग नशिबावर सोडू या. पण हे खालावणे उतारासारखे एकसारखे नसते. महिनोन्‌महिने काही बदलत नाही आणि मग एका पडण्याने किंवा गाडीच्या एका धक्क्याने माणूस एकदम एक पायरी खाली जातो. वडिलांची घसरण तर दोन वर्षे चालूच आहे.

आता शस्त्रक्रियेने काय मिळेल याबद्दल. पहिला उद्देश घसरण थांबवणे हा आहे. त्यापलीकडे सुधारणाही बहुतेकांना होते, पहिल्या सहा महिन्यांत ती सर्वाधिक दिसते आणि वर्षभर थोडीथोडी चालू राहू शकते. मात्र सुधारणा किती होईल हे आजार किती काळ अंगावर काढला, आधीची अवस्था किती बिघडलेली होती, वय किती आणि धूम्रपान होते का, यांवर अवलंबून असते. ‘सिग्नल चेंज’ म्हणजे मज्जारज्जूच्या त्या भागात सूज किंवा इजा झाल्याची खूण. ती दिसली म्हणजे सुधारणा होणारच नाही असे नाही, पण सर्व काही पूर्ववत होईल अशी अपेक्षाही ठेवू नये. तुमच्या पत्रात एक गोष्ट विचारलेली नाही, पण वडिलांच्या मनात ती नक्कीच असेल: पुन्हा बारीक कड्या जोडता येतील का? चालणे सुधारणे आणि बटणे लावता येणे शक्य आहे, परंतु हुपरीच्या कारागिराच्या बोटांना लागणारी सफाई जशीच्या तशी परत येईल, असे आश्वासन कोणत्याही प्रामाणिक सर्जनला देता येणार नाही. हे त्यांना शस्त्रक्रियेआधीच सांगावे. नंतर कळले, तर यशस्वी झालेली शस्त्रक्रियाही त्यांना फसवणूक वाटेल.

समोरून की मागून, या प्रश्नाने तुम्ही गोंधळून गेला आहात आणि त्यात आश्चर्य नाही. दोन सर्जननी दोन मार्ग सांगितले म्हणजे त्यांपैकी एक चूक आहे, असे समजू नये.

समोरच्या शस्त्रक्रियेत गळ्याच्या पुढच्या बाजूला, थोडे एका कडेला, त्वचेच्या सुरकुतीत छेद घेतात, श्वासनलिका आणि अन्ननलिका अलगद बाजूला करून खराब गादी आणि मागचे हाडाचे कंगोरे सूक्ष्मदर्शकाखाली काढतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हाडाचा तुकडा किंवा छोटा पिंजरा बसवून वर टायटॅनियमची पट्टी लावतात, म्हणजे ते दोन मणके पुढे एकमेकांना जुळतात. मागच्या शस्त्रक्रियेत मानेच्या मागून मणक्यांच्या कमानी काढून मज्जारज्जूला मागच्या बाजूने जागा करून देतात आणि बहुधा स्क्रू व सळ्यांनी मणके स्थिर करतात. तिसरी पद्धत जपानमध्ये १९७०च्या दशकात रुळली. तीत कमान काढून न टाकता एका बाजूने उघडून तशीच धरून ठेवतात, त्यामुळे मानेची हालचाल बरीच टिकते.

निवड कशावरून करायची? दाब एक-दोन पातळ्यांवर आहे की तीन-चार, तो पुढून येतो आहे की मागून, आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत मानेचा नैसर्गिक बाक टिकून आहे की ती पुढे झुकली आहे, यांवरून. मान पुढे झुकलेली असताना केवळ मागून कमानी काढल्या, तर मज्जारज्जू पुढच्या कंगोऱ्यांवर तसाच ताणलेला राहतो, म्हणून अशा वेळी समोरचा मार्ग श्रेयस्कर ठरतो. मणक्यांच्या पाठीमागून, पण मज्जारज्जूच्या पुढून उभा जाणारा दुसरा अस्थिबंध हाडासारखा कडक झालेला असेल, तर समोरून जाताना मज्जारज्जूच्या आवरणाला इजा होण्याचा धोका वाढतो आणि अनेक सर्जन मागचा मार्ग घेतात. हा प्रकार आशियाई लोकांत अधिक आढळतो आणि एमआरआयपेक्षा सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतो, तेव्हा सीटी झाला नसेल तर तो का नको, हे विचारावे. दाब दोनच पातळ्यांवर आणि गादीमुळे पुढून असेल, तर माझा कल समोरच्या शस्त्रक्रियेकडे राहील. पण बाक आणि सीटी पाहिल्याशिवाय मी त्यावर अडून बसणार नाही. अमेरिकेतून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १६३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे समोरच्या आणि मागच्या गटांत विभागले होते. वर्षअखेर दोन्ही गटांच्या शारीरिक क्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. गुंतागुंत समोरच्या गटात अधिक होती, पण तिचा मोठा भाग गिळताना होणाऱ्या त्रासाचा होता. मागच्या शस्त्रक्रियेनंतर मानेचे स्नायू अधिक दुखतात आणि जखमेच्या तक्रारी अधिक असतात. एकूण काय, आपल्या हाताला सरावाचा असलेला मार्ग एखाद्या सर्जननी का निवडला, हे त्यांना एक्स-रेवर बोट ठेवून सांगता आले, तर त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

नातेवाईकांची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मज्जारज्जूच्या जवळ काम करताना हातापायांची ताकद कायमची कमी होणे शक्य असते. ते क्वचित घडते, पण घडतच नाही असे नाही. त्याहून अधिक वेळा दिसते ते खांदा व दंड उचलण्याची ताकद काही काळ जाणे. हे साधारण शंभरात पाच जणांना होते आणि बहुतेकांचे काही महिन्यांत सुधारते. समोरच्या मार्गाने आवाज घोगरा होणे किंवा गिळताना अडखळणे संभवते, तेही बहुधा तात्पुरते असते. पहिल्या काही तासांत गळ्यात रक्त साचून श्वास अडणे हा विरळा पण गंभीर धोका आहे, म्हणून पहिली रात्र अतिदक्षता विभागात किंवा तितक्याच सावध देखरेखीत जावी. जुळवलेल्या मणक्यांच्या वरच्या-खालच्या गाद्यांवर ताण येऊन काही वर्षांनी तेथे त्रास उद्भवू शकतो. ही सारी यादी ऐकून घरचे पुन्हा घाबरतील. पण अंथरुणाला खिळलेले जे रुग्ण नातेवाईकांनी पाहिले असतील, त्यांतील अनेकजण शस्त्रक्रियेला फार उशिरा, चालणे जवळजवळ थांबल्यावर आलेले असतात, आणि त्यांच्या अवस्थेचे खापर शस्त्रक्रियेवर फुटते.

तालमीतल्या वस्तादांचा मी अनादर करीत नाही. कोल्हापुरात उखडलेला खांदा आणि मुरगळलेला पाय त्यांच्या हाताने बरा झाल्याचे सांगणारे घरोघरी भेटतील. परंतु मज्जारज्जू दबलेल्या मानेला झटका देणे, ओढणे किंवा पिळणे यातून काही मिनिटांत चारही हातपाय दुबळे होऊ शकतात. म्हणून मान बसवणे नाही, वजन लावून मान ओढणे नाही, आणि दाढी-कटिंग झाल्यावर सलूनमध्ये मान कडाडकन मोडून घेण्याची जी सवय आपल्याकडे अनेकांना असते, तीही आजपासून बंद. हलक्या हाताने खांद्यांना तेल लावायला कोणाची ना नाही. मानेचा पट्टा तात्पुरता आधार देतो, पण आत दबलेले मोकळे करीत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या आठवड्यांत घरच्यांच्या हातात असलेले सर्वांत मोठे काम म्हणजे साखर आणि तंबाखू. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, वाढलेली असेल तर जखमेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ती किती खाली आल्यावर शस्त्रक्रिया करायची, हे फिजिशियन आणि सर्जननी मिळून ठरवावे, पण साखरेच्या नावाखाली महिने जाऊ देऊ नयेत. तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, तरीही विचारतो: वडील तंबाखू मळतात का? विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची हाडे नीट जुळत नाहीत आणि त्यांची सुधारणाही कमी होते, याचा पुरावा भक्कम आहे. चघळलेल्या तंबाखूतूनही निकोटीन रक्तात उतरतेच, त्यामुळे तीही शस्त्रक्रियेआधी सोडावी आणि नंतर पुन्हा धरू नये.

शस्त्रक्रिया न्यूरोसर्जननी करावी की मणक्याच्या ऑर्थोपेडिक सर्जननी, यावर वेळ घालवू नका. दोघेही ती करतात. वर्षाला मानेच्या अशा किती शस्त्रक्रिया करता, सूक्ष्मदर्शक आहे का, शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूचे संदेश तपासणारे यंत्र वापरता का, आणि त्यांच्या स्वतःच्या रुग्णांत किती जणांची ताकद कमी झाली, हे प्रश्न नम्रपणे पण स्पष्ट विचारावेत. कोल्हापूर किंवा मिरज येथे अनुभवी सर्जन मिळत असतील, तर केवळ नावासाठी पुणे-मुंबई गाठण्याची गरज मला वाटत नाही, कारण नंतरचे टाके, एक्स-रे आणि महिनोन्‌महिने चालणारी फिजिओथेरपी यांसाठी घराजवळचे ठिकाण फार उपयोगी पडते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आयुष्मान भारतशी जोडलेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ही शस्त्रक्रिया निवडलेल्या रुग्णालयात योजनेतून होते का, हे तेथील आरोग्यमित्रांना (योजनेच्या मदतनिसांना) दाखल होण्यापूर्वीच विचारावे आणि रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे. कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयातही आधी चौकशी करून पाहावी.

वडिलांशी बोलताना अर्धांगवायूची भीती घालू नका. त्यांना ती नातेवाईकांनी पुरेशी घातली आहे. मूठ उघडण्याची वहीतील नोंद दाखवा, आणि दिवाळीचे काम ज्या हातांनी करायचे आहे तेच हात आज कड्या धरत नाहीत, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. सर्जनसमोर प्रश्न विचारायलाही त्यांनाच पुढे करा. तारीख मिळेपर्यंत दुचाकी चालवू देऊ नका आणि मागेही बसवू नका. न्हाणीघरात धरायला दांडा लावून घ्या, रात्री लघवीला उठण्याच्या वाटेवर दिवा राहू द्या, आणि दातासाठी किंवा इतर कशासाठी भूल द्यायची वेळ आली, तर मानेचा हा आजार भूलतज्ज्ञांना आधी सांगा, कारण नळी घालताना मान फार मागे वाकवणे त्यांना टाळावे लागते. या काळात लघवी अडली, चालणे दोन-चार दिवसांत झपाट्याने बिघडले, किंवा पडल्यानंतर हातांची ताकद अचानक गेली, तर मिळालेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, मान न हलवता, त्यांना रुग्णालयात न्यावे.